न मोजलेले फेरे

(१)

वाई गावी, कृष्णाकाठापासून थोड्या अंतरावर, एक जुने कौलारू घर आहे. घराच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली फिकट निळ्या रंगाची एक मोटार उभी असते. तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. आजोबांनी ती १९८६ साली नवी विकत घेतली. तेव्हा ते शाळेत विज्ञान शिकवीत असत. आजोबा सेवानिवृत्त होऊन पुष्कळ वर्षे झाली; मोटार मात्र अद्याप सेवेत आहे.

या मोटारीचे मूळ कूळ इटलीतील. तुरीन शहरातील फियाट कंपनीने 'अकराशे' या नावाची एक मोटार बनविली होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात ती तयार होऊ लागली. १९६४ साली तिचा नवा नमुना आला आणि १९७४ साली तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मुंबईत ती आबालवृद्धांच्या परिचयाची झाली. पुढे तिचे उत्पादन थांबले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशा झाल्या. आता ती दिसते ती एखाद्या हौशी माणसाच्या अंगणातच.

आजोबा आपली मोटार सहसा कोणाच्या हाती सोपवीत नसत. तेल बदलणे, प्लग साफ करणे, पॉइंट घासून त्यांतील अंतर नीट राखणे, ही सारी कामे ते स्वतः करीत. त्यासाठी त्यांनी जाड बांधणीची एक वही ठेवली होती. दिनांक, मोटार किती किलोमीटर चालली तो आकडा, बिघाड, कारण आणि उपाय असे पाच रकाने तिच्या प्रत्येक पानावर आखलेले होते. आजोबा काम करू लागले की त्यांची बारा वर्षांची नात शेजारी येऊन बसे. ती हत्यारे हाती देई, चिंध्या धुऊन वाळत घाली आणि शंका विचारी.

एका रविवारी आजोबा व नात पाचगणीस जाण्यास निघाले. वाईहून पाचगणीस जाणारा पसरणीचा घाट बारा-तेरा किलोमीटरांचा. पण त्याचा चढ मोठा. सपाटीवर मोटार सुरळीत धावली. चढ लागताच आजोबांनी ॲक्सिलरेटर अधिक दाबला, तशी ती आचके देऊ लागली. पाय उचलला की ती सावरे. दाबला की पुन्हा आचका देई. अर्ध्या घाटातून त्यांना माघारी फिरावे लागले. त्याच आठवड्यात शुक्रवारी दुसरेच दुखणे उभे राहिले. आजोबा बाजारातून येत असता प्रत्येक चौकात मोटार थांबली की इंजिनही बंद पडू लागले.

वेळही अडचणीची होती. पंधरा वर्षांहून जुन्या खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. त्यासाठी सोमवारी साताऱ्यास परिवहन कार्यालयात मोटार तपासणीसाठी न्यायची होती. तेथे निरीक्षक तिची पाहणी करणार होते आणि तिच्या धुराच्या चाचणीचा दाखलाही हवा होता.

शुक्रवारी रात्री जेवताना नातीचे बाबा म्हणाले, "अण्णा, या मोटारीने आपल्याला पुष्कळ सुख दिले. पण आता तिच्यामागे तुम्ही किती शिणायचे? सोमवारी ती उत्तीर्ण झाली नाही, तर भंगारात देऊन टाकू. मी त्या व्यापाऱ्याशी बोलून ठेवले आहे."

आजोबा क्षणभर गप्प राहिले. मग ते शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. पण उद्याचा आणि परवाचा दिवस माझा आहे ना?"

नातीने मान खाली घातली. तिच्या घशाखाली घास उतरेना. पण त्याचे कारण कोणाच्याही लक्षात आले नाही.

(२)

शनिवारी सकाळी आजोबांनी मोटार छपराबाहेर मोकळ्या अंगणात आणविली. वाळूने भरलेली एक बादली त्यांनी जवळ ठेवली. "पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही," ते म्हणाले, "पण एक ठिणगी तिला पुरते. म्हणून हे काम उघड्यावर आणि उजेडी करावे. शेजारी चूल नको, उदबत्तीदेखील नको. आणि मोठे माणूस जवळ असल्यावाचून मुलांनी इंजिनाला हात लावू नये."

नातीने काही उत्तर दिले नाही. एरवी तिच्या शंका संपत नसत.

आजोबांनी बॉनेट उघडले. परंतु एकही हत्यार उचलले नाही. ते म्हणाले, "बाळ, अर्धवट कारागीर आधी उघडतो आणि मग विचार करतो. आपण आधी विचार करू. पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण, ते मिश्रण आवळून धरणारा दाब, आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. या तिहींपैकी काय उणे आहे, हे इंजिनच सांगेल. आपण फक्त साक्षी तपासायचे."

पहिला साक्षी म्हणजे प्लग. आजोबांनी चारही प्लग काढून त्यांच्या क्रमाने फडक्यावर मांडले. मिश्रण योग्य असेल, तर प्लगच्या टोकाला बिस्किटासारखा तपकिरी रंग येतो. पेट्रोल कमी पडत असेल, तर टोक पांढुरके दिसते; जास्त होत असेल, तर त्यावर काजळी धरते. येथे चारही प्लग काजळीने काळे झाले होते.

आजोबा कोड्यात पडले. "हे विचित्र आहे," ते म्हणाले. "घाटातला आचका सांगतो की इंजिनाला पेट्रोल कमी पडते. प्लगची काजळी सांगते की जास्त होते. दोघांचे जबाब परस्परविरुद्ध आहेत."

ठिणगी दुबळी असेल, तर चढावर आचके बसू शकतात आणि न जळलेल्या पेट्रोलाची काजळीही धरू शकते, असा विचार करून आजोबांनी ठिणगी तपासण्याचे ठरविले. त्यांनी पॉइंट बारीक कानशीने घासले आणि फिलर गेज घालून त्यांतील अंतर सुमारे अर्ध्या मिलिमीटरवर आणले. मग चिमट्याने प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून धरला आणि नातीने त्यांच्या सांगण्यावरून किल्ली फिरविली. निळी, जाड ठिणगी तडतडली. ठिणगीत खोट नव्हती.

राहिला दाब. आजोबांनी कॉइलची तार काढून ठेवली, प्लगच्या भोकावर अंगठा दाबला आणि पुन्हा किल्ली फिरविण्यास सांगितले. आतील हवेने अंगठा जोराने बाहेर ढकलला. चारही सिलिंडरांनी तो सारख्याच जोराने ढकलला. दाबही उत्तम होता.

आजोबा पायरीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर थकवा दिसू लागला. "ठिणगी ठीक, दाब ठीक," ते हळूच म्हणाले. "म्हणजे दोष कार्बोरेटरात. पण एकाच कार्बोरेटरातून पेट्रोल एकाच वेळी जास्त आणि कमी कसे येईल? कदाचित तो आतून पार झिजला असेल. तसे असेल, तर दोन दिवसांत नवा कोठून मिळणार? तुझे बाबा म्हणतात तेच खरे असेल."

(३)

नातीला घाम फुटला. कितीतरी वेळ तिच्या तोंडातून शब्द फुटेना. अखेर ती म्हणाली, "आजोबा, मी एक सांगू? तुम्ही रागावाल."

"सांग."

"गुरुवारी दुपारी तुम्ही झोपला होता, तेव्हा मी बॉनेट उघडले. घाटात मोटार अडली म्हणून तुम्हांला वाईट वाटले होते. तुम्ही कार्बोरेटरचा तो स्प्रिंगचा स्क्रू फिरवून इंजिनाचा आवाज नीट करता, हे मी पाहिले होते. मी तो फिरवला. मला वाटले, तुम्ही उठाल तेव्हा मोटार बरी झालेली असेल. इतक्यात तुमची चाहूल लागली. मी घाईघाईने तो अंदाजाने उलटा फिरवला आणि बॉनेट लावून टाकले."

"किती फेरे फिरवलेस?"

"मोजले नाहीत," नात म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

आजोबा रागावतील, असे तिला वाटले होते. पण ते एकदम उठून उभे राहिले. "गुरुवारी!" ते म्हणाले. "आणि घाटातला आचका रविवारचा. पोरी, म्हणजे हे एक दुखणे नव्हेच. ही दोन दुखणी आहेत! मी दोघांचे मिळून एकच कारण शोधीत होतो, म्हणून माझा हिशेब जुळत नव्हता. आण ती वही."

वहीत मागील दुरुस्तीची नोंद होती : 'मिश्रणाचा स्क्रू : पूर्ण बंद, मग दीड फेरा बाहेर.' आजोबांनी नातीच्या हाती पेचकस दिला. "आता स्क्रू हळूहळू आत फिरव आणि मोठ्याने मोज. टेकला असे वाटले की थांब. आवळू नकोस, नाहीतर त्याचे टोक बिघडेल."

नात मोजू लागली. "एक... दोन... तीन..." आणखी पाव फेरा होऊन स्क्रू टेकला. म्हणजे दीडऐवजी तो सव्वातीन फेरे बाहेर होता. मोटार उभी असताना इंजिनाला जे थोडेसे पेट्रोल मिळावयाचे, ते त्यामुळे फार झाले होते. इंजिन गुदमरत होते आणि प्लगवर काजळी धरत होती.

नातीने स्क्रू दीड फेरा बाहेर आणला. आजोबांनी प्लग पुसून बसविले आणि इंजिन चालू केले. ते एकसारखे, शांतपणे चालू लागले. चौकात बंद पडण्याचे दुखणे तेथेच बरे झाले.

"आता दुसरे पाहू," आजोबा म्हणाले. ते दोघे मोटार घेऊन गावाबाहेरच्या चढापर्यंत गेले. तेथे पुन्हा तोच आचका बसला. परत आल्यावर इंजिन निवू दिले आणि आजोबांनी प्लग काढले. या खेपेस ते पांढुरके होते. आता प्लग आणि चढ या दोन्ही साक्षींचा जबाब एकच होता : वेग वाढवला की इंजिनाला पेट्रोल कमी पडते.

(४)

"पण आजोबा, कार्बोरेटर पेट्रोल आणि हवा मिसळतो तरी कसा?" नातीने विचारले. तिच्या शंका परत आल्या, हे पाहून आजोबांना बरे वाटले.

त्यांनी वहीतील दोन सुट्या पाने एकमेकांसमोर उभी धरली आणि तिला मधून फुंकर मारण्यास सांगितले. पाने दूर जाण्याऐवजी एकमेकांकडे ओढली गेली. "हवा वेगाने वाहते तेथे तिचा दाब घटतो," आजोबा म्हणाले. "डॅनियल बर्नुली या शास्त्रज्ञाने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वाहत्या द्रवांसंबंधी हे तत्त्व मांडले. कार्बोरेटराचा गळा मध्ये अरुंद असतो. इंजिन हवा ओढते, ती या अरुंद गळ्यातून वेगाने जाते आणि तेथील दाब कमी होतो. मग शेजारच्या कोठीतील पेट्रोल एका बारीक छिद्रातून ओढले जाऊन हवेत तुषारांच्या रूपाने मिसळते. त्या छिद्राच्या पितळी तुकड्याला जेट म्हणतात. वजनाने साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल, हे प्रमाण जेट राखतो."

"आणि कोठीतील पेट्रोल उतू कसे जात नाही?"

"आपल्या पाण्याच्या टाकीत तरंगणारा चेंडू असतो ना? टाकी भरली की तो वर येऊन तोटी बंद करतो. कोठीतही तसाच एक फ्लोट असतो. नव्या मोटारींत आता हे काही राहिले नाही. तेथे संगणकाच्या हुकमाने पेट्रोलाचा फवारा उडतो."

आता पेट्रोल वाटेत कोठे अडते, याचा छडा लावावयाचा होता. आजोबांनी कॉइलची तार काढून ठेवली. मग कार्बोरेटरास जोडलेली पेट्रोलची नळी सोडवून तिचे टोक एका काचेच्या बाटलीत धरले. नातीने किल्ली फिरविताच बाटलीत पेट्रोलाची चिळकांडी उडाली. म्हणजे टाकी आणि पंप यांत दोष नव्हता. अडथळा पुढे कार्बोरेटरातच असला पाहिजे.

नात बाटली उजेडात धरून पाहत होती. "आजोबा, हे काय?" तिने विचारले. बाटलीच्या तळाशी काळे बारीक कण साचले होते.

आजोबांनी पेट्रोलची रबरी नळी बोटांत धरून वाकविली. तिला भेगा पडल्या होत्या आणि आतील बाजूचा भुगा होत होता. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. जुन्या काळच्या मोटारींतील रबर त्यासाठी बनविलेले नव्हते. इथेनॉलाने ते फुगते, ठिसूळ होते आणि झिजते. "ज्या कणांनी घाटात आपली वाट अडवली, ते हे," आजोबा म्हणाले. "आणि ते प्रथम तुझ्या डोळ्यांना दिसले."

त्यांनी बॅटरीची जोडणी सोडवून ठेवली, कार्बोरेटरचे झाकण उघडले आणि प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने फडक्यावर मांडला. कोठीच्या तळाशीही तसेच काळे कण होते. मुख्य जेट काढून त्यांनी आकाशाकडे धरला. वाटोळे दिसावयाचे ते छिद्र चंद्रकोरीसारखे दिसत होते. अर्धे अधिक ते बुजले होते.

नातीने चटकन केसांतील पिन काढून पुढे केली. आजोबांनी तिचा हात अडविला.

"तुझ्यासारखाच विचार पूर्वी एका बाईंनी केला होता," ते म्हणाले. "१८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने निघाल्या. मोटारीचे जनक कार्ल बेंझ यांच्या त्या पत्नी. मुले पंधरा आणि तेरा वर्षांची. वाट सुमारे शंभर किलोमीटरांची. एवढा लांबचा प्रवास मोटारीने तोपर्यंत कोणी केला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तेव्हा त्यांनी टोपीच्या लांब पिनेने ती मोकळी केली. विजेच्या तारेचे वेष्टन झिजले, तेव्हा मोज्याच्या बंदाने ती तार झाकली. इंधन संपले, तेव्हा वीस्लोख गावच्या औषधांच्या दुकानातून ते विकत घेतले."

"मग मीही पिनेने साफ करते!"

"ती नळी होती; हा जेट आहे. जेटवर हा बारीक आकडा कोरलेला असतो. तो छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. १२० असा आकडा असेल, तर छिद्र १.२ मिलिमीटरचे. पितळ मऊ असते. पिनेने ओरखडा पडून व्यास एकदशांशाने जरी वाढला, तरी छिद्राचे क्षेत्र सुमारे एकपंचमांशाने वाढेल आणि तेवढे पेट्रोल अधिक जाईल. दिसायला छिद्र साफ. पण मोटार कायमची बिघडलेली."

मग जेट स्वच्छ पेट्रोलात बुडवून ठेवला आणि नंतर सायकलच्या पंपाने त्यातून हवा फुंकली. दोनचार खेपा तसे केल्यावर छिद्र पूर्ण वाटोळे दिसू लागले. इथेनॉल सोसणारी नवी नळी बाजारातून आणून बसविली. गॅस्केट जागच्या जागी ठेवून झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळले. एकच बाजू आधी आवळली, तर झाकण वाकते आणि फटीतून हवा आत शिरते. शेवटी बॅटरी जोडून इंजिन चालू केले.

"आता शेवटची जुळवणी तू कर," आजोबा म्हणाले. "एका वेळी पाव फेरा. कान इंजिनाकडे, मोजणी तोंडाने."

नातीने स्क्रू पाव फेरा बाहेर घेतला. इंजिन किंचित जड झाले. तिने तो पुन्हा पाव फेरा आत घेतला. आवाज मोकळा झाला. "दीड," ती म्हणाली आणि तिने हात काढून घेतला.

(५)

संध्याकाळी हातपाय धुऊन दोघे पडवीत बसले. आजोबांनी वही नातीपुढे ठेवली. "आजची नोंद तू लिही," ते म्हणाले.

तिने दिनांक लिहिला, किलोमीटरांचा आकडा लिहिला, दोन्ही बिघाड लिहिले. 'कारण' या रकान्याशी मात्र तिची लेखणी अडली. जेट बुजल्याचे कारण तिने लगेच लिहिले. दुसरे कारण लिहवेना.

आजोबांनी वहीची मागली पाने उलटली आणि १९९१ सालच्या एका नोंदीवर बोट ठेवले. तेथे त्यांच्याच अक्षरात लिहिले होते : 'इंजिन चालू होईना. सारा दिवस गेला. कारण : हवेच्या वाटेत मी पुसावयाची चिंधी विसरलो. दोष माझा.'

नातीने ते दोनदा वाचले. तिला हसू आले आणि धीरही आला.

"ही वही मोटारीच्या उपयोगाची केव्हा?" आजोबा म्हणाले. "तिच्यातले प्रत्येक अक्षर खरे असेल तेव्हा. तू आज सांगितले नसतेस, तर मी चांगला कार्बोरेटर वाईट ठरवला असता आणि चांगली मोटार भंगारात गेली असती. स्क्रू फिरवलास ही चूक झाली. न विचारता फिरवलास, ही तिच्याहून मोठी. पण सांगितलेस, म्हणून दोन्ही दुरुस्त झाल्या."

नातीने लेखणी उचलली आणि ठळक अक्षरांत लिहिले : 'मिश्रणाचा स्क्रू न विचारता, न मोजता फिरवला. दोष माझा.' पुढच्या रकान्यात तिने लिहिले : 'पूर्ण बंद, मग दीड फेरा बाहेर.'

रविवारी सकाळी मोटार पुन्हा पसरणीचा घाट चढू लागली. पहिल्या वळणावर नातीने श्वास रोखून धरला. दुसरे वळण गेले, तिसरे गेले. मागल्या खेपेस जेथून परतावे लागले होते, ती जागाही मागे पडली. आचका आला नाही. खाली कृष्णेचे खोरे आणि वाईची घरे लहान लहान होत गेली. पाचगणीच्या माथ्यावर मोटार थांबली. इंजिन मात्र शांतपणे चालूच राहिले. तेव्हा कोठे नातीचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी साताऱ्याची तपासणी झाली. धूर मर्यादेच्या आत भरला, दिवे आणि ब्रेक ठीक निघाले आणि मोटारीची नोंदणी पुढील पाच वर्षांसाठी नवी झाली.

त्या रात्री बाबांनी वही उघडली. शनिवारची नोंद त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचली. ते मुलीला काही बोलले नाहीत. तिच्या पाठीवरून त्यांनी फक्त हात फिरवला. मग त्यांनी दूरध्वनी उचलला आणि भंगाराच्या व्यापाऱ्याला सांगितले, "आमची मोटार विकायची नाही."

शब्दार्थ

आबालवृद्ध : लहानथोर सर्व. आचका : अचानक बसलेला झटका. जबाब : साक्षीदाराचे सांगणे. काजळी : धुराचा काळा थर. पेचकस : स्क्रू फिरविण्याचे हत्यार. कानस : धातू घासण्याचे खरबरीत हत्यार. फिलर गेज : बारीक फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या. तुषार : बारीक थेंब. वेष्टन : वरचे आवरण. चिळकांडी : जोराने उडालेली बारीक धार. ठिसूळ : सहज तुटणारे. अथपासून इतिपर्यंत : आरंभापासून शेवटापर्यंत.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पेट्रोलच्या इंजिनाला कोणत्या तीन गोष्टी लागतात?
(आ) प्लगच्या टोकाचा रंग पांढुरका असल्यास काय समजावे?
(इ) आजोबांच्या वहीत कोणते पाच रकाने होते?

२. कारणे द्या.
(अ) घाटातला आचका आणि प्लगची काजळी यांचा मेळ आजोबांना बसेना.
(आ) जेट पिनेने साफ करू नये.
(इ) झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने आवळावेत.
(ई) नातीची लेखणी 'कारण' या रकान्याशी अडली.

३. सात-आठ ओळींत उत्तरे लिहा.
(अ) नातीने खरे सांगितल्यामुळे आजोबांच्या विचाराला कोणती दिशा मिळाली?
(आ) पेट्रोल कोठे अडते, हे आजोबांनी क्रमाक्रमाने कसे शोधून काढले?
(इ) आजोबांनी १९९१ सालची नोंद नातीला का दाखविली असावी?

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
कोड्यात पडणे; घाम फुटणे; चाहूल लागणे; छडा लावणे; जीव भांड्यात पडणे.

५. पुढील वाक्ये सूचनेप्रमाणे बदला.
(अ) ठिणगीत खोट नव्हती. (अर्थ न बदलता होकारार्थी करा.)
(आ) आजोबांनी वही नातीपुढे ठेवली. (कर्मणी प्रयोगाचे हे वाक्य भविष्यकाळी लिहा.)

६. उपक्रम : घरातील सायकल, शिवणयंत्र किंवा पंखा यांपैकी एकाच्या देखभालीसाठी पाच रकान्यांची वही तयार करा. मोठ्या माणसांसमवेत झालेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद तीत ठेवा.